उभं राहण्याची जागा

४ जानेवारी

प्रिय घुबडे,

मामाचे आशीर्वाद. तू चाळिशीला टेकलीस, वर्तमानपत्रात तुझे फोटो छापून येतात, पण लहानपणी डोळे विस्फारून बघत बसायचीस तशीच अजून बघतेस. तेव्हा नाव बदलायचं काही कारण दिसत नाही.

या पत्राच्या मागेपुढे एक जड खोकं येईल. त्यात माझा जुना शर्ट आहे आणि शर्टात गुंडाळलेली माझी तीनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. वीस वर्षं हिच्यावर होड्यांच्या शर्यती काढल्या. दुकान मी बंद केलं. हल्ली जुने कॅमेरे दुरुस्तीला आणतं कोण? आवराआवर करताना ही हाती लागली. जावईबापूंनी कळवलं की तू ऑफिसातून लांबची रजा घेतली आहेस. म्हटलं, रिकाम्या हातांना काहीतरी द्यावं.

आता नीट वाच. तुझ्या नव्या कॅमेऱ्यावर ही थेट बसणार नाही. मधे घालायची रिंग सोबत दिली आहे. बसवलीस की कॅमेरा म्हणेल, लेन्सच नाही. त्या बिचाऱ्याला हिची भाषा कळत नाही. मेनूत जाऊन ‘लेन्सशिवाय शटर चालू’ ते चालू कर. फोकस हाताने. आधी ॲपर्चर पूर्ण उघडून फोकस कर, पडद्यावर चित्र मोठं करून बघ, मग ॲपर्चर दोन टिचक्या मिट. अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नकोस, रिंगमुळे ती थोडी पुढे सरकली आहे. ट्रायपॉडला कॅमेरा लावू नको, लेन्सभोवतीची कडी, तिची कॉलर, लाव, नाहीतर कॅमेऱ्याची मान मोडेल.

फोटो मोबाइलवर धाडू नकोस. माझ्या मोबाइलवर हत्ती आणि उंदीर एकाच मापाचे दिसतात. कागदावर छापून टपालाने पाठव. फोनही नको. कान गेलेत, ‘हॅलो’च्या पुढे आपलं गाडं सरकत नाही. अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर पेनाला बोल लाव.

तुझा
मामा


१९ जानेवारी

मामा,

नमस्कार. खोकं पोचलं. हे म्हणाले, “मामांनी पाण्याचा पाइप कशाला पाठवला?” मग उचलून बघितलं आणि म्हणाले, “आतून भरलेला पाइप.” शर्ट त्यांना अगदी बरोबर बसला. परत मिळणार नाही.

पहिले दोन दिवस एकही फोटो धड आला नाही. कावळ्यावर फोकस करावा तर कावळ्याची मान नीट आणि चोच धुक्यात. ऑफिसच्या लेन्सची सवयच लागली होती ना, बोट ठेवलं की झालं. हिला मनवावं लागतं. पण एक सांगू? मला ते आवडलं. हिच्यावर घाईने काही काढताच येत नाही. जे हलत नाही तेच येतं.

आठ फोटो पाठवतेय. दिव्याच्या खांबावरची घार आमच्या गच्चीवरून. रंगारी दोराला लटकून भिंत रंगवतोय तो पुलावरून. चादरी वाळत घालणारी बाई शाळेच्या मैदानातून. रोज सकाळी लेन्स खांद्यावर टाकून भटकते. खांदा दुखतो, पण मस्त वाटतं.

रजा अजून आहे. काळजी करू नका.

तुमची
घुबड


२ फेब्रुवारी

प्रिय घुबडे,

फोटो भिंगाखाली घालून पाहिले. घारीच्या पंखाच्या कडेला जांभळी रेघ आहे. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं होतंस, कबूल कर. म्हाताऱ्या लेन्सला उन्हात डोळे दिपतात, तिला थोडे मिटू दे. दुपारी एक ते चार फोटो काढू नकोस. तापलेल्या छपरांवरून हवा थरथरते आणि दूरचं सगळं पाण्यात बुडाल्यासारखं येतं. रंगारी उत्तम. त्याच्या चपलेचा निसटलेला बंद दिसतो. त्याला कुणीतरी सांगा.

मैदानावर जे झालं त्याबद्दल तू लिहीत नाहीस, मीही विचारत नाही. तू तिथे होतीस एवढंच पेपरात वाचलं. सात माणसं गेली. देव करो आणि विसरायला जमो.

मी मजेत. रोज संध्याकाळी बाजारापर्यंत फेरी मारतो, जुन्या मंडळींबरोबर चहा होतो. आणखी फोटो पाठव.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

ॲपर्चरचं कबूल. आता दोन टिचक्या मिटते.

बारा फोटो आहेत. काल तळ्यावर गेले होते, तिथून क्रेन काढली. परवा स्टेशनजवळच्या चौकातून ते छत्री दुरुस्त करणारे आजोबा. वारा होता, म्हणून ट्रायपॉडच्या पायांना बटाट्यांची पिशवी बांधली. येणारेजाणारे बघून हसत होते.

बाकी सगळं छान. ह्यांची ड्यूटी पहाटेची आहे, त्यामुळे दिवसभर मी आणि तुमची लेन्स.

घुबड


३ मार्च

घुबडे,

आज आशीर्वाद शेवटी. आधी मला उत्तर हवंय.

तुझे वीस फोटो मी टेबलावर मांडले. घार, रंगारी, चादरी, क्रेन, छत्रीवाले, सगळे. विषय प्रत्येकात वेगळा. पण मागे, कधी स्पष्ट कधी धूसर, कारखान्याची चिमणी आणि पाण्याची टाकी आहे. आणि वीसच्या वीस फोटोंत चिमणीची डावी कड टाकीच्या शिडीला चिकटलेली आहे. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही.

मी चाळीस वर्षं लेन्सा उघडल्या आणि मिटल्या. लेन्स दूरचं जवळ आणते, पण मागच्यापुढच्या वस्तूंची रांग बदलू शकत नाही. ती फक्त तुझ्या पायांनी बदलते. वीस पावलं चाललीस तरी चिमणी आणि टाकी एकमेकींपासून सुटल्या असत्या. आणि छत्रीवाल्या आजोबांच्या टोपीचा वरचा भाग दिसतोय. चौकातून काढलास म्हणतेस. तुमच्याकडचे चौक चौथ्या मजल्यावर असतात का?

तू दोन महिने एकाच जागी उभी आहेस. तुझ्या घराच्या गॅलरीत.

मला खोटं का लिहिलंस ते मी विचारणार नाही. बाई माणूस घराबाहेर पडत नाही आणि मामाला खोटं कळवते, त्याचा अर्थ काय होतो ते मला कळतं. जावईबापूंनी तुला कोंडून ठेवलंय का? हो की नाही, एवढंच लिही. त्यांनाही मी आजच पत्र टाकतोय. त्यात आशीर्वाद नाहीत.

तुला मात्र आहेत.

मामा


९ मार्च

आदरणीय मामांस,

तुमचं पत्र मिळालं. त्यात आशीर्वाद नव्हते, तरी माझा नमस्कार घ्यावा.

पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, बाहेरून बघणाऱ्याला असंच दिसणार. तुमची चूक नाही.

आमच्या दाराला कडी आहे, ती आतून आहे. मामा, दार उघडंच असतं. तीच बाहेर पडत नाही. मैदानावरचं झाल्यापासून, म्हणजे सप्टेंबरपासून, ती रस्त्यावर उतरलेली नाही. भाजी, किराणा, औषधं, तुम्हाला लिहिलेली पत्रं टाकणं, तुमच्यासाठी फोटो छापून आणणं, सगळं मी करतो. तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं, पण तिने शपथ घातली होती.

डिसेंबरात एकदा मी रजा टाकली. म्हटलं, आज हात धरून खाली नेतोच. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो. तिथे ती बसली आणि पायरीची कड दोन्ही हातांनी धरली. मी बावीस वर्षं बस चालवतो. भरल्या बसचे ब्रेक घाटात गेले होते, तेव्हाही असा घाबरलो नव्हतो. शेवटी शेजारच्या बाईंच्या मदतीने वर आणली. त्यानंतर मी बळजबरी केली नाही.

चौकशी समितीचं दुसरं समन्स आलंय. ते कपाटात कपड्यांखाली ठेवलंय तिने. मला माहीत आहे हे तिला माहीत नाही. तारीख चोवीस एप्रिल आहे.

मला यातलं काही कळत नाही. तुमचं तुम्ही बघा. तुमच्या पत्रांची ती वाट बघते, एवढं नक्की.

आपला
जावई


१२ मार्च

मामा,

ह्यांनी तुमचं पत्र दाखवलं. खूप रडले. जो माणूस सहा महिने मला एक शब्द वाकडा बोलला नाही त्याला माझ्यामुळे ते वाचावं लागलं. आता काही लपवत नाही.

मी मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होते, पत्रकार कक्षाच्या छपरावर. दुपारचे साडेतीन. सामना संपायला वेळ होता, पण एकदम गारा पडायला लागल्या आणि लोक उठले. चार नंबरच्या दाराकडे सगळ्यांत जास्त गर्दी. मी लेन्स तिकडे वळवली. दाराच्या जाळीला चेहरे लागलेले, तोंडं उघडी, हात वर. गारा पडल्यावर पोरंटोरं ओरडतात ना, तसं. मला वाटलं मामा, जल्लोष करताहेत. मी मनात म्हटलं, वा, उद्या पहिल्या पानावर.

आठ फोटो मी आनंदाचे म्हणून काढले.

नवव्याला एका मुलीचा चेहरा पूर्ण फ्रेममध्ये आला. पिवळा रुमाल गळ्यात. ती माझ्या हाताच्या अंतरावर होती. पापण्या मोजता आल्या असत्या. आणि तिचे ओठ निळे होते. तेव्हा मला कळलं. मग जाळीखाली बघितलं तर दाराला साखळी, आणि साखळीला कुलूप.

मी कॅमेरा बाजूला करून बघितलं. मैदानापलीकडे नुसता एक काळा ठिपका. ओरडले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. मैदानाच्या नियंत्रण कक्षाला फोन केला. त्यांनी “बघतो” म्हटलं. त्यानंतर काय करायचं ते मला सुचलं नाही, मी फोटो काढत राहिले. एकूण एकतीस.

व्यवस्थापक म्हणतात दार उघडं होतं, लोक घसरून पडले. माझ्या फोटोंत साखळी आहे, आणि ऑफिसने ते फोटो समितीला दिलेत. म्हणून समितीला मी हवी आहे. पण त्यांच्या वकिलाने पेपरात काय लिहिलं माहितेय? लांबच्या लेन्समधून विरळ गर्दीही दाट दिसते, हे कुठलाही फोटोग्राफर सांगेल. ते खरं आहे ना मामा? आपल्याला दोघांनाही माहीत आहे की खरं आहे.

आणि तिथे मला विचारतील, पहिल्या फोटोला फोन का नाही केलात? आठ फोटो कशाची वाट बघत होतात? मी काय सांगू? जल्लोष वाटला म्हणून?

जिन्याच्या खाली आमच्या इमारतीचं लोखंडी दार आहे. दुसऱ्या मजल्यावरून ते दिसायला लागतं, आणि मग मला श्वास घेता येत नाही. तुमची लेन्स आली तेव्हा वाटलं, इथून कितीही लांब जाता येईल. पण तुम्ही म्हणता तेच खरं. मी जागची हललेच नाही.

तुमची
घुबड


२० मार्च

प्रिय घुबडे,

आधी जावईबापूंना सांग, मामा गाढव आहे. त्यांना वेगळं पत्र लिहिलंय. त्यात आशीर्वाद इतके आहेत की तिकीट जास्त लागलं. फोटोवरून मी जागा बरोबर ओळखली आणि कारण साफ चुकलो. तुझ्या आठ फोटोंचं मला तितकंच नवल वाटतं जितकं माझ्या एका पत्राचं. बघणारा बघतो आणि चुकतो. चूक कळल्यावर त्याने काय केलं ते विचारायचं असतं. तू फोन केलास.

आता वकिलाचं. तो अर्धं खरं बोलतोय, म्हणून तो धोक्याचा. लांबून काढलं की मागची माणसं पुढच्यांना चिकटल्यासारखी दिसतात. मान्य. तू पण मान्य कर, आढेवेढे घेऊ नकोस. पण कुलूप काही लेन्सने लागत नाही. उघडं दार तीनशेने काढलं तरी उघडंच येतं. त्यांना सांग तू कुठे उभी होतीस, किती फुटांवर, किती उंचीवर. उभं राहण्याची जागा कळली की उरलेला हिशेब कुणीही जाणकार मांडू शकतो. हे सांगणारा माणूस जगात एकच आहे. कागद बोलत नाही, फोटो काढणाऱ्याला जावं लागतं.

तेव्हा गृहपाठ. चौथ्या मजल्यावरून तुझे वीस फोटो माझ्याकडे आहेत. आता जिन्याच्या प्रत्येक खिडकीतून एक-एक काढ. तिसरा, दुसरा, पहिला. मला चिमणी आणि टाकी पुरेत. खोटं लिहायला यात वाव नाही, मी पट्टी घेऊन मोजणार आहे. घाई नाही. एका मजल्याला आठवडा लागला तरी चालेल. न जमलं तर तसं लिही, पण लिही.

चोवीस एप्रिलला मी येतो. सकाळी सव्वानऊची बस तुमच्या स्टँडवर येते, तिथून समितीचं ऑफिस पाच मिनिटांवर आहे असं जावईबापू म्हणतात. तुझ्या शेजारी बसेन. ऐकू काही येणार नाही, पण बसेन.

मामा


७ एप्रिल

मामा,

सोबत चार फोटो. पट्टी काढा.

तिसरा मजला सोपा गेला. सकाळी जिन्यात कुणी नसतं. चिमणी तशीच होती, पण टाकीचं बूड छपराआड गेलं. एका मजल्याने एवढा फरक! मी मोठ्याने हसले, तर समोरच्या बाईंनी दार उघडून बघितलं. दुसऱ्या मजल्याला नऊ दिवस लागले. तीनदा ट्रायपॉड लावून परत आले. एकदा फोटो काढला तो हललेला. तोही पाठवलाय, कारण तुम्ही लिही म्हणालात. हे कामावरून आले तेव्हा मी पायरीवर बसले होते. काही न बोलता शेजारी बसले आणि म्हणाले, “इथून वारा चांगला येतो.” येत नाही मामा. तिथे कोंदट वास येतो.

पहिल्या मजल्यावरून टाकीही नाही, चिमणीही नाही. समोरच्या दुकानाची पाटी, तीही अर्धीच. आणि काल लोखंडी दाराशी पोचले. लेन्स डोळ्याला लावली तर सगळं धूसर. रिंग फिरवून फिरवून थकले. मग लक्षात आलं, बारा फुटांच्या आतलं तिला दिसतच नाही. दार माझ्या इतकं जवळ होतं.

लेन्स परत वर नेऊन ठेवली. रिकाम्या हातांनी खाली गेले. दाराला हात लावला. थंड होतं. उघडलं नाही, नुसता हात लावला. वर आले आणि दोन तास झोपले.

बाहेर अजून नाही. सतरा दिवस उरलेत. तुम्ही येताय या एका गोष्टीवर मी तारखा खोडतेय.

घुबड


२७ एप्रिल

मामा,

तुम्ही आला नाहीत.

रागाने लिहीत नाही. परवा लिहिलं असतं तर रागाने लिहिलं असतं. सव्वानऊची बस आली. हे आणि मी कठड्याशी उभे. शेवटचा माणूस उतरला, कंडक्टर उतरला, ड्रायव्हर ह्यांच्या ओळखीचा निघाला, त्याने आत वाकून बघितलं आणि मान हलवली. घरापासून स्टँडपर्यंत ह्यांच्या बाहीला धरून आले होते. डोळे जमिनीवर. ह्यांनी विचारलं, “परत जायचं?” मी हो म्हटलं. आम्ही वळलोही.

मग ते म्हणाले, “परत जायचा रस्ता तेवढाच लांब आहे आणि गर्दी तिकडेच जास्त आहे.” खरंच होती. शाळा सुटल्यासारखी माणसं बाजाराकडे चालली होती. ऑफिसच्या रस्त्याला मात्र कुणी नव्हतं. मी कमी गर्दी बघून गेले मामा. धैर्याने वगैरे नाही.

खोली लहान होती. समितीच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई. मी आत गेल्यागेल्या म्हटलं, “दार उघडं ठेवाल का?” त्यांनी शिपायाला दार उघडं ठेवायला सांगितलं. मी कुठे उभी होते ते विचारलं. छपराचा नकाशा पुढे केला, मी बोट ठेवलं. वकील म्हणाला, लेन्समुळे गर्दी दाट दिसते हे खरं का? मी म्हटलं, “खरं आहे. माणसांमधलं अंतर माझ्या फोटोंवरून ठरवू नका. कुलूप बघा.” मग ज्याची भीती होती तोच प्रश्न त्याने विचारला. “तुम्ही कुणाला कळवलंत का? कधी?”

मी सांगितलं. आठ फोटोंपर्यंत मला कळलं नाही. मला तो आनंद वाटला. नवव्यानंतर फोन केला. मला वाटलं, झालं, आता सगळे मलाच धरणार.

अध्यक्षबाईंनी कागद उलटसुलट केले. म्हणाल्या, “फोटोवर वेळ आहे. नववा तीन चौतीसचा. फोन कंपनीच्या नोंदीत तुमचा फोन तीन पस्तीसचा. शेवटचा फोटो किती वाजताचा?” तीन बेचाळीस. “त्यात साखळी आहे?” आहे. “म्हणजे नियंत्रण कक्षाला कळल्यानंतर सात मिनिटं कुलूप तसंच होतं.” वकिलाने मान खाली घातली आणि काहीतरी लिहायला लागला. कक्षाने आजवर सांगितलं होतं की कुणाचा फोन आलाच नाही.

जे मी इतके महिने लपवत होते त्याचंच त्यांना काम पडलं. निकाल कधी लागेल माहीत नाही. काही महिने तरी लागतील म्हणतात. माझे आठ फोटो आठच राहतील, ते कमी होणार नाहीत. हे मला कळतं.

बाहेर बाकावर एक गृहस्थ बसले होते. साठीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. म्हणाले, “तुम्हीच ना फोटोवाल्या? माझी मुलगी होती तिथे. पिवळा रुमाल होता गळ्यात.” वाटलं, आता विचारतील, का नाही वाचवलंत. त्यांनी विचारलं, “ती एकटी होती का हो?”

मामा, मी ते फोटो इतके महिने उघडले नव्हते, तारखेआधीच्या आठवड्यात मात्र बघितले होते. म्हणून मला सांगता आलं. मी म्हटलं, “नाही. तिच्या मागे एक बाई होती. ओळखीची नसावी. तिने दोन्ही हातांनी तुमच्या मुलीचं डोकं धरलं होतं, जाळीपासून लांब. अकराव्या फोटोपासून शेवटपर्यंत.” त्यांनी दोनदा विचारलं, “शेवटपर्यंत?” मी दोनदा हो म्हटलं. मग मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. ह्यांनी आम्हा दोघांना पाणी आणून दिलं.

आता खरं सांगा. बस चुकली का? की बरं नाही? तुमच्या शेवटच्या दोन पाकिटांवरचा पत्ता ह्यांना वाचता येईना. मी म्हटलं, मामा घाईत असतील. आता वाटतं, तेही मी चुकीचं वाचलं.

घुबड


४ मे

प्रिय घुबडे,

तुझं पत्र सात वेळा वाचलं.

बस चुकली नाही. मी आठ वाजता इथल्या स्टँडवर होतो. तिकीट काढायला खिशात हात घातला आणि हात ऐकेना. माझे हात कापतात घुबडे. दोन वर्षं झाली. दुकान गिऱ्हाईक नाही म्हणून बंद केलं नाही. एका गिऱ्हाईकाच्या लेन्समधलं भिंग बोटांतून निसटून फुटलं, म्हणून बंद केलं. बाजारातली फेरी, चहा, सगळी थाप. लोकांसमोर कप उचलता येत नाही, तेव्हापासून मी बाहेर जात नाही. वाणी सामान दारात ठेवून जातो. स्टँडवर पैसे खाली सांडले, मागची माणसं वाकून गोळा करायला लागली, एक बाई कानाशी येऊन ओरडली, “आजोबा, सोबत कुणी नाही का?” मी रांगेतून निघालो आणि घरी आलो. तुला मजले उतरायला लावणारा मीच.

तुला वाटलं तर हसून घे. मला तर स्वतःचा राग यायला हवा तेवढाही येत नाही, लाजच जास्त वाटते. तू त्या बाकावर बसलीस आणि मी इथे कडी लावून बसलो होतो.

डॉक्टरकडे गेलो नाही. गोळ्यांनी कंप कमी होतो म्हणतात. मला भीती वाटत होती की तो म्हणेल, होणार नाही. जावईबापूंना विचार, त्यांच्या ओळखीत कुणी आहे का. तूच घेऊन चल.

पुढच्या रविवारी येते आहेस असं जावईबापूंनी वेगळं कळवलंय. “तुम्ही बाहेर पडायची तसदी घेऊ नका, आम्ही घरी येतो” असं त्यांनी लिहिलं. त्यावर मी “बरं” लिहिणार होतो. लिहिलंही होतं, ते खोडलं.

स्टँडपर्यंत मला जमणार नाही. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी टपालाची पेटी आहे. आजवर पत्रं वाण्याच्या हाती देत होतो. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. काल रिकाम्या हातांनी तिथपर्यंत जाऊन आलो. एकशे चाळीस पावलं. एक ओळखीचा भेटला, त्याने हात पुढे केला, मी माझा दिला. तो कापतच होता. त्याने धरून ठेवला.

रविवारी मी त्या पेटीपाशी उभा असेन.

मामा